दाम ग्रीक, बाजार फारसी, मग मराठी कुठे?

मंडळी, मराठीत परके शब्द फार झालेत, ते हाकला, अशी हाकाटी दर काही महिन्यांनी उठते. तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘वाशी मार्केट’मध्ये, हे करून बघा. बाजार, दुकान, माल, वजन, किंमत, दलाल, हमाल, हिशोब. हे शब्द काढले तर एक गोणी खाली उतरायची नाही. ‘बाजार’ फारसी. बाकीचे मूळचे अरबी, पण फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले.

बरं, ‘दाम’ तरी आपला ना? तोही नाही! ग्रीकांचं नाणं द्राख्मा. त्याचं आपल्याकडे ‘द्रम्म’ झालं आणि पुढे ‘दाम’. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषा बोलणारे व्यापारी याच किनाऱ्यावर यायचे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं आहेत. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान करणाऱ्या यवनांचे शिलालेख आजही वाचता येतात.

आणि हा व्यवहार एकतर्फी नव्हता. आपली पिंपळी तिकडे जाऊन ग्रीकमध्ये ‘पेपेरी’ झाली. शर्करेचं ग्रीकमध्ये ‘साखारोन’ झालं, फारसीत ‘शकर’ आणि कुर्दीत ‘शेकिर’. मसाला मार्केटमधला पिस्ता उलट इराणी भाषांकडून ग्रीकांकडेही गेला आणि आपल्याकडेही आला.

आता कुर्दी कुठून आली मध्येच? सांगतो. कुर्दी ही फारसीची बहीण. मराठी या दोघींची चुलत बहीण. ग्रीक जरा लांबची, पण त्याच मोठ्या घरातली. आकडेच बघा. आपण म्हणतो एक, दोन, चार, सात, दहा. कुर्दीत येक, दू, चार, हेफ्त, देह. ग्रीकमध्ये एना, दिओ, तेसेरा, एफ्ता, देका. संस्कृतच्या ‘सप्त’मधल्या ‘स’चा इराणी भाषांत ‘ह’ झाला, म्हणून फारसीत सात म्हणजे ‘हफ्त’ आणि सात दिवसांचा ‘हफ्ता’. आपण कर्जाचा ‘हप्ता’ भरतो तो हाच. कुर्दीत नावाला चक्क ‘नाव’च म्हणतात, ग्रीकमध्ये ‘ओनोमा’. नवी मुंबईतल्या ‘नवी’ला कुर्दीत ‘नू’, ग्रीकमध्ये ‘नेआ’.

एकाच घरातल्या या भाषा, पण नशीब बघा किती वेगळं. ग्रीकचा लेखी इतिहास तीन हजार वर्षांहून जुना. १८३० मध्ये ग्रीस स्वतंत्र देश म्हणून मान्य झाला. तिथेही शुद्धीकरण झालं. तुर्की शब्द काढून, जुन्या ग्रीकचा आव आणणारी ‘काथारेवुसा’ नावाची भाषा कचेऱ्यांत आणि शाळांत चालवली. लोक मात्र घरात वेगळंच बोलत राहिले. शेवटी १९७६ मध्ये सरकारने लोकांची बोलीच अधिकृत केली. ग्रीक माणूस आजही बाजाराला ‘पाझारी’ म्हणतो. तुर्कीच्या वाटेने आलेला आपलाच ‘बाजार’! त्याने ग्रीक मेली नाही.

कुर्दीला मात्र स्वतःचा देश नाही. बोलणारे मुख्यतः तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया अशा चार देशांत वाटले गेले. लिपीही एक राहिली नाही, तुर्कस्तानात रोमन आणि इराक-इराणमध्ये अरबी वळणाची. कुर्दी भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र १८९८ मध्ये निघालं, तेही परमुलखात, कैरोला. तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने कुर्दीत छापायलाच बंदी होती, ती १९९१ पर्यंत. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेत मात्र अरबीच्या जोडीला कुर्दीलाही अधिकृत दर्जा मिळाला. म्हणजे कुर्दीचं नुकसान उसन्या शब्दांनी केलं नाही. तिला कचेरीतून, शाळेतून आणि छापखान्यातून बाहेर काढलं, त्याने केलं.

आपल्याकडे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो नेमकं हे ओळखून. त्यात दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यातले सगळे काही टिकले नाहीत. ‘मुख्य प्रधान’ मागे पडला आणि फारसी ‘पेशवा’च लोकांच्या तोंडी राहिला. पण कारभार मराठीत चालला पाहिजे, हा आग्रह टिकला. माझ्या मते खरी कमाई ती.

एपीएमसीतलंच उदाहरण घ्या. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या नावात ‘माथाडी’ आणि ‘हमाल’ शेजारी शेजारी आहेत. एक आपल्या ‘माथा’वरून आलेला, दुसरा अरबी. डोक्यावर ओझं दोघांच्याही तेवढंच. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांसाठी लढा दिला, तेव्हा शब्दाची जात कुणी विचारली नाही. कायदा मराठी माणसाच्या कामाचा होता की नाही, एवढंच महत्त्वाचं होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण भाषेची तब्येत बघायची तर पाटी बघू नका, पट्टी बघा. शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब ज्या कागदावर येतो ती पट्टी. किती माल गेला, काय दाम मिळाला, हमाली किती कापली, तोलाई किती, हातात काय उरलं. हा कागद जुन्नरच्या किंवा लासलगावच्या माणसाला स्वतः वाचता येतो का? की संगणकातून निघालेली इंग्रजी अक्षरं घेऊन त्याला पोराकडे जावं लागतं?

पट्टीत ‘दाम’ ग्रीक असू दे, ‘हमाली’ अरबी असू दे. वाक्य मराठी पाहिजे आणि ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. परक्या शब्दांना भाषा पचवते. व्यवहारच दुसऱ्या भाषेत गेला, तर मात्र आपल्याकडे नुसता दर्जा उरेल.

तुमच्या मालाची पट्टी कुठल्या भाषेत येते? जरूर सांगा.