तोफेची नळी व बाष्पयंत्राचे नळकांडे

ज्या दक्षिणेत इ. स. १५४९ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे महंमद बिन हसन रूमी याने मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली, त्या दक्षिणेत बाष्पयंत्र का निपजले नाही, असा प्रश्न अभ्यासकाच्या मनात सहज उद्भवतो. त्याचे उत्तर बहुधा राजकीय अस्थैर्यात किंवा ज्ञानविषयक औदासीन्यात शोधले जाते. प्रस्तुत टिपणात या प्रश्नाच्या एका मर्यादित, परंतु मोजता येण्याजोग्या अंगाचा विचार करावयाचा आहे. ते अंग म्हणजे नळीच्या अंतर्भागाची अचूकता.

छत्रपती संभाजीनगरजवळील दौलताबादच्या किल्ल्यावर ओतीव व घडीव अशा दोन्ही जातींच्या तोफा पाहावयास मिळतात. ओतीव तोफेची पोकळी साच्यात मधोमध गाभा ठेवून मिळवीत. घडीव तोफ लोखंडी पट्ट्या व कडी सांधून तयार होई. दोहोंतही गोळा नळीहून थोडा लहानच ठेवावा लागे. त्या फटीतून दारूचा काही वायू निसटला, तरी गोळा सुटे. बाष्पयंत्राच्या दट्ट्यास मात्र अशी फट चालत नाही; एकदा वाफ गळू लागली की यंत्राची शक्तीच जाते.

हा भेद लहान नमुन्यात लपून राहतो. जेम्स वॉटने १७६५ मध्ये स्वतंत्र संघनकाची कल्पना पडताळून पाहिली, ती पावणेदोन इंच व्यासाच्या पितळी पिचकारीवर. नमुना चालला. पुढे किनील येथे १८ इंच व्यासाच्या नळकांड्याचे इंजिन १७६९ मध्ये उभारले, तेव्हा गळती आवरेना. त्या काळच्या छिद्रण-यंत्रात कातणारे हत्यार लांब दांड्याच्या एका टोकास बसविलेले असे. ते स्वभारानेच खाली झुके व ओतकामातील वाकडेपणाचाच माग काढी. जॉन विल्किन्सनने १७७५ मध्ये हा दांडा नळकांड्याच्या आरपार नेऊन त्याच्या दोन्ही टोकांस आधार दिला. परिणामी, ५० इंच व्यासाच्या नळकांड्यात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असे बोल्टन लिहू शकला.

तात्पर्य, उणीव ओतकामाच्या कौशल्याची नव्हती. खुद्द इंग्लंडातही तोफा ओतण्याची कला पुरेशी ठरली नाही. हत्यारास सरळ मार्ग देणारे यंत्र तेथेही नव्यानेच घडवावे लागले. हा दोष येथील कारागिराच्या बुद्धीचाही म्हणता येत नाही. मुंबईच्या गोदीत वाढलेल्या आर्देशीर खरसेटजी वाडिया यांनी १८३३ च्या सुमारास एक अश्वशक्तीचे बाष्पयंत्र स्वतः तयार केले, आणि १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

म्हणून दौलताबादच्या तोफांचे मोजमाप घेणाऱ्याने केवळ मुखाचा व्यास नोंदवून थांबू नये. निरनिराळ्या खोलींवर आणि परस्परांस काटकोनात असलेल्या दोन दिशांनी व्यास मोजल्यास नळी किती गोल व किती सरळ आहे, हे आकड्यांनी सांगता येईल. आपल्या पूर्वजांच्या कारागिरीचा गौरव अथवा अधिक्षेप करण्यापूर्वी हे आकडे हाती असणे इष्ट होय.