मिताक्षरेतील गर्भ आणि कन्येचा वाटा

भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर आमच्या अफजलपूर तालुक्यात आहे. साठ वर्षांच्या वंध्येला संतती झाल्याची गुरुचरित्रातील कथा तेथलीच. तिला प्रथम झाली ती कन्या, पुत्र त्यानंतरचा, हे मात्र पुष्कळांच्या स्मरणात राहत नाही. गर्भात वाढणाऱ्या जीवाचा घरावर हक्क कोणता, हा प्रश्न श्रद्धेइतकाच कायद्याचाही आहे. त्याचे सर्वांत प्रभावी उत्तर आमच्या शेजारच्या बिदर जिल्ह्यात, कल्याण येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात दिले गेले.

चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका रचली. मूळ स्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात गर्भाची मासानुमास वाढ वर्णिली आहे: पहिल्या मासी द्रवरूप, दुसऱ्यात घट्टसर गोळा, तिसऱ्यात अवयव व इंद्रिये, पाचव्यात रक्त, सातव्यात मन व चेतना. आठव्या मासी ओज अस्थिर असल्यामुळे तेव्हा जन्मलेले मूल जगत नाही, असेही ती सांगते. आजच्या शास्त्राप्रमाणे हृदयाचे स्पंदन चौथ्या आठवड्यातच सुरू होते, आठव्या आठवड्याअखेर बहुतेक अवयवांचा पाया पडतो, आणि आठव्या मासी जन्मलेली बालके योग्य शुश्रूषेने बहुधा जगतात.

तथापि विज्ञानेश्वराची खरी थोरवी अन्यत्र आहे. ‘सपिंड’ या शब्दातील पिंड म्हणजे श्राद्धातील भाताचा गोळा, या अर्थावर बंगालच्या जीमूतवाहनाने वारसाहक्क उभारला. विज्ञानेश्वराने पिंड म्हणजे देह असा अर्थ केला. अपत्याच्या शरीरात मातेचे व पित्याचे अंश प्रत्यक्ष उतरतात, म्हणून ते सपिंड. वडिलार्जित मालमत्तेत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हे तत्त्वही त्याने ठामपणे प्रतिपादिले. घरातील स्त्री गर्भवती असल्याचे स्पष्ट असेल, तर प्रसूतीपर्यंत वाटणी थांबवावी, असा त्याचा निर्णय आहे.

येथेच एक मेख आहे. पित्याचे बीज अधिक झाल्यास पुत्र, मातेचे अधिक झाल्यास कन्या, असे जुने शरीरशास्त्र मानी. त्याच आधारावर विज्ञानेश्वर म्हणतो की कन्येत मातेचे अंश अधिक, म्हणून स्त्रीधन तिचे. पुत्रात पित्याचे अंश अधिक, म्हणून पितृधन त्याचे. रूढी जुनीच होती. तिला हे कारण मिळाले. १८१० साली कोलब्रुकने मिताक्षरेच्या दायभागाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि बंगाल-आसाम वगळता बहुतेक हिंदूंचे दावे ब्रिटिश न्यायालये याच ग्रंथाच्या आधारे निकालात काढू लागली.

ते कारण पुढे प्रयोगशाळेत कोसळले. १८७६ साली हर्टविगने सागरी प्राण्याच्या अंड्यात स्त्री-पुरुष बीजांची केंद्रके एकरूप होताना पाहिली. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या विदुषीने लिंगभेदाचे मूळ गुणसूत्रांत दाखविले. अपत्य मुलगा असो वा मुलगी, पित्याकडून गुणसूत्रे येतात ती तेवीसच. मुलाला मिळणारे ‘वाय’ हे मुलीला मिळणाऱ्या ‘एक्स’हून लहान असते, तेव्हा पितृअंशाचे मापच घ्यायचे, तर कन्येचे पारडे किंचित जडच भरेल!

कायदा मागाहून तेथे पोहोचला. १९९४ साली कर्नाटक व महाराष्ट्र यांनी, पूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळून, कन्येस सहदायाद केले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद पुसला. हा हक्क जन्मसिद्ध आहे, त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी पिता हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले.

तरीही साडीचोळीच्या मोबदल्यात हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आम्हां वकिलांना परक्या नाहीत. ‘शास्त्रात मुलीला वाटा कोठे आहे?’ असे भाऊ विचारतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, विज्ञानेश्वराचे तत्त्व देहाच्या अंशाचे आहे. चुकला तो अंशाचा हिशेब. तो दुरुस्त केला की बहिणीचा वाटा त्याच्याच तत्त्वातून निघतो.