आन्झिओचा किनारा आणि पेपरमिंटची डबी

१/ २२ जानेवारी १९४४ च्या पहाटे मित्रराष्ट्रांच्या फौजा रोमच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, आन्झिओच्या किनाऱ्यावर उतरल्या. मुक्काम रोमचा होता. पण पुढचे चार महिने या फौजा समुद्र आणि जर्मन तोफा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकून पडल्या. याच पट्ट्यात विद्युत-तंत्राच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या. एक होती खंदकातील सैनिकाच्या हातची, दुसरी होती प्रयोगशाळेतील अभियंत्याची. अर्धशतकानंतर त्या दोन्ही एका पेपरमिंटच्या डबीत एकत्र आल्या. हा धागा त्या डबीच्या वंशावळीचा आहे.

२/ पहिली परंपरा खंदकातली. सैनिकांना बातम्या आणि गाणी हवी होती. रेडिओ मात्र नव्हता. त्यांनी दाढीचे ब्लेड घेतले. त्याच्या निळसर पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यावर सेफ्टी पिनचे टोक किंवा पेन्सिलीतील शिशाचा तुकडा अलगद टेकवला, की त्या सांध्यातून वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडखळते. रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढण्यास एवढे पुरते. जोडीला पुठ्ठ्यावर किंवा लाकडावर गुंडाळलेली तार, एक लांब एरियल आणि एक हेडफोन. याला पुढे ‘फॉक्सहोल रेडिओ’, म्हणजे खंदकातला रेडिओ, असे नाव पडले.

३/ या यंत्रात बॅटरी नव्हती. कानात येणारी सारी ऊर्जा लहरींबरोबरच आलेली असे, म्हणून आवाज अत्यंत क्षीण असे. हेडफोन येथे चैन नव्हती. त्याशिवाय काही ऐकूच आले नसते. प्रवर्धक, म्हणजेच ॲम्प्लिफायर, लावायचा तर व्हॉल्व्ह आणि बॅटरी हव्यात. शिवाय त्या काळातील काही प्रकारचे व्हॉल्व्ह-रेडिओ ऐकता ऐकता स्वतःही मंद लहरी बाहेर टाकत, आणि त्यांवरून शत्रूला ठावठिकाणा लागण्याची भीती असे. ब्लेडचा रेडिओ दुबळा होता, पण मुका होता. आघाडीवर मुकेपणाला किंमत होती.

४/ या इटलीच्या मोहिमेशी महाराष्ट्राचेही रक्ताचे नाते आहे. आन्झिओनंतर अवघ्या काही महिन्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

५/ दुसरी परंपरा खंदकाबाहेरची. आन्झिओवर जर्मन विमाने धातूच्या पातळ पट्ट्या हवेत सोडून मित्रराष्ट्रांची जुनी रडार यंत्रणा आंधळी करीत होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये तेथे एससीआर-५८४ हे नवे रडार प्रथमच प्रत्यक्ष लढाईत उतरले. त्याचा जोडीदार होता एम-९ नावाचा ‘गन डायरेक्टर’, म्हणजे तोफांना दिशा देणारे विद्युत गणकयंत्र. विमान आता कोठे आहे हे रडार सांगे. गोळा वर पोहोचेपर्यंत ते कोठे असेल याचे गणित एम-९ मांडी.

६/ हे गणित आकड्यांनी नव्हे, विजेच्या दाबांनी केले जाई. बेरीज करायची तर दोन दाब एकत्र करायचे. पण त्यासाठी अत्यंत विश्वासू प्रवर्धक लागतो. बेल प्रयोगशाळेतील कार्ल स्वार्टझेल यांनी १९४१ मध्ये असा प्रवर्धक तयार करून पेटंटसाठी अर्ज केला. त्यात ३ व्हॉल्व्ह होते, त्याला अधिक-उणे ३५० व्होल्ट लागत आणि मूळ संकेत तो सुमारे ३०,००० पट वाढवू शके. गणिती क्रिया करणारा म्हणून १९४७ मध्ये जॉन रॅगझिनी यांनी अशा मंडलास ‘ऑपरेशनल ॲम्प्लिफायर’ हे नाव दिले. आज सारे जग त्याला ‘ऑप-ॲम्प’ म्हणते.

७/ ३०,००० पट वाढवणारे यंत्र विश्वासू कसे राहील? त्याचे उत्तर युद्धाआधीच मिळाले होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हॅरॉल्ड ब्लॅक हे अभियंता हडसन नदीवरील फेरीबोटीतून कामावर निघाले होते. प्रवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलटा करून पुन्हा आत पाठवला, तर प्रवर्धक आपली चूक आपणच दुरुस्त करील, असे त्यांना सुचले. जवळच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्यांनी समीकरणे मांडली. वाढवलेले मुद्दाम गमवायचे, ही कल्पना इतकी विपरीत वाटली, की पेटंट मिळण्यास १९३७ साल उजाडले. या तत्त्वाला ‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणतात.

८/ म्हणून ‘युद्धामुळेच तंत्रज्ञान जन्मते’ हे विधान जपून करावे लागते. ब्लॅक यांच्यापुढे प्रश्न होता दूर पल्ल्याच्या टेलिफोनचा. युद्धाने त्या तत्त्वाला पैसा दिला आणि घाई दिली. जन्म दिला नाही. शांततेच्या काळात ते आणखी लहान झाले. १९५३ मध्ये जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीचा के२-डब्ल्यू हा दोन व्हॉल्व्हचा तयार ऑप-ॲम्प बाजारात आला. १९६५ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतील बॉब विडलर यांनी ७०९ ही चिप दिली. १९६८ मध्ये त्याच कंपनीतील डेव्ह फुलागर यांची ७४१ आली. ही चिप नवशिक्यालाही सांभाळता येण्याजोगी होती.

९/ इकडे हेडफोनचाही प्रवास चालूच होता. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन आणले. १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने संगीत चालत्या माणसाच्या कानाशी नेऊन बसवले. पण खिशातील यंत्राची ताकद बेताची, आणि चांगले मोठे हेडफोन मागणीखोर. १९९७ च्या सेनहायझर एचडी ६०० चा विद्युतविरोध ३०० ओहम आहे. त्याला छोट्या बॅटरीवरच्या यंत्राचा दाब अपुरा पडतो. आन्झिओचीच अडचण वेगळ्या रूपात परत आली होती: कान तयार, संकेत हाताशी, मधला जोर नाही.

१०/ १९९० च्या दशकाच्या अखेरीस चू मॉय या अमेरिकी हौशी अभ्यासकाने खिशात मावणाऱ्या हेडफोन ॲम्प्लिफायरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. तो ‘सीमॉय’ या नावाने ओळखला जातो. त्याची रचना अशी: ९ व्होल्टची एक बॅटरी. ऑप-ॲम्पला अधिक आणि उणे असे दोन्ही दाब हवेत, म्हणून दोन समान रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर लावून बॅटरीची मधोमध वाटणी करायची; अधिक-उणे साडेचार व्होल्ट. मग ब्लॅक यांच्या तत्त्वाने १० किलो-ओहम आणि १ किलो-ओहमच्या रेझिस्टरांतून फीडबॅक द्यायचा. वाढ होते बरोबर ११ पट. एम-९ मधील ७०० व्होल्टच्या अंतराचे काम ९ व्होल्टवर आले.

११/ आता प्रश्न पेटीचा. सुटे भाग इतके स्वस्त झाले होते, की तयार पेटी त्यांच्या तुलनेत महाग वाटे. हौशी मंडळींनी अल्टॉइड्स या पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी उचलली. तळहाताएवढी, बिजागरीचे झाकण असलेली, ९ व्होल्टची बॅटरी आणि छोटी पट्टी यांना पुरेशी. पत्रा बाहेरची विद्युत खरखरही अडवतो. त्यात एक सापळा मात्र आहे. जॅकच्या धातूमुळे डबी बॅटरीच्या मध्यबिंदूशी जोडली जाते. बॅटरीचे एखादे टोक पत्र्याला लागले, तर विभागलेल्या पुरवठ्याची एक बाजू शॉर्ट होते. म्हणून तळाशी पुठ्ठा किंवा चिकटपट्टी घालतात. पुठ्ठा येथेही सुटला नाही.

१२/ या डबीला केवळ गंमत समजणे अपुरे ठरेल. स्वार्टझेल यांचे पेटंट मंजूर झाले १९४६ मध्ये, युद्ध संपल्यानंतर. तोवर ते ज्ञान प्रयोगशाळा आणि सैन्य यांच्यातच होते. ब्लेडच्या रेडिओची कृती मात्र एका खंदकातून दुसऱ्या खंदकात तोंडोतोंडी गेली. मॉय यांनी प्रयोगशाळेची वस्तू घेतली आणि ती खंदकाच्या रीतीने वाटली: आराखडा, सुट्या भागांची यादी आणि कारणांसह स्पष्टीकरण. ज्याला सोल्डरिंग येते त्याने करून पाहावे, चुकावे, दुसऱ्याला सांगावे.

१३/ आन्झिओवर ब्लेडला कान लावून बसलेल्या सैनिकाला ऑप-ॲम्प हा शब्दही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो शब्दच तेव्हा नव्हता. पण असे प्रवर्धक असलेल्या यंत्रांचे गणित त्याच काळात त्या युद्धाच्या आकाशात विमाने टिपत होते. ते त्याच्या रक्षणासाठी होते, त्याच्या कानासाठी नव्हते. ते सामान्य माणसाच्या कानापर्यंत पोहोचायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. आणि पोहोचले तेव्हा त्याला लष्करी ट्रेलर लागला नाही. रिकामी डबी पुरली.