जवसाचा पंचा



ह्या व्यासपीठावरून राजांविषयी, लढायांविषयी आणि संतकवींविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. मी आज अंग पुसण्याच्या आणि भांडी पुसण्याच्या एका जाड्याभरड्या कापडाविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कोणाला हसू आले असेल तर मला राग नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांत जास्त झाले. तेथे मला एक सवय लागली. कोणतीही वस्तू हाती आली की ती कोणाच्या हातून येथवर आली हे विचारावयाचे. त्या सवयीनेच मी ह्या कापडापाशी पोहोचलो.

आपल्या घरात कापडाचे चार आश्रम असतात. नेसून जुने झालेले धोतर फाडून त्याचा पंचा होतो, पंचा विरला की त्याचे मसोते होते, मसोते झिजले की पोतेरे, आणि पोतेऱ्याची अखेर उकिरड्यावर. युरोपच्या थंड मुलखात मात्र स्वयंपाकघरासाठी आणि मोरीसाठी निराळे कापड मुद्दाम विणले जाई. ते लिननचे, म्हणजे जवसाच्या धाग्याचे असे. इंग्रजीत त्याला ‘क्रॅश’ म्हणतात. रंगवलेल्या जाड्या लिननला रशियन भाषेत ‘क्राशेनिना’ असे नाव होते, त्यावरून हा शब्द आला असावा, असे कोशकार मानतात.

जवस आपल्याला परका नाही. विदर्भात तो पिकतो, त्याचे तेल निघते, आणि जवसाची चटणी माहीत नाही असे मराठी घर विरळा. पण आपला जवस तेलासाठी. तो बुटका आणि फांद्या फुटलेला. धाग्यासाठी लावावयाचा जवस त्याच जातीचा असला तरी त्याचे वाण वेगळे. तो दाट पेरतात, म्हणजे फांद्या न फुटता ताट उंच आणि सरळ वाढते. तो विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण धागा ताटाच्या सबंध उंचीभर असतो आणि बोटभर लांबीही वाया घालवावयाची नसते. मग पेंढ्या पाण्यात कुजवावयाच्या किंवा दंवात पसरून ठेवावयाच्या. आपल्याकडे अंबाडी कुजवतात तसाच हा प्रकार, आणि वासही तितकाच उग्र. कुजलेले ताट वाळवून कुटतात, झोडतात, आणि शेवटी लोखंडी सुयांच्या फणीवर विंचरतात.

येथे एका रोपाचे दोन वर्ग पडतात. फणीवर जो लांब, रेशमासारखा धागा उरतो त्याची तलम वस्त्रे आणि धनिकांच्या मेजावरच्या नक्षीदार चादरी होत. फणीत जो आखूड गुंता अडकून राहतो त्याचे जाडे, गाठींचे सूत निघे. स्वस्त क्रॅश विणला जाई तो बहुधा ह्या सुताचा. एकाच शेतातले एकच ताट, पण एक धागा दिवाणखान्यात जाई आणि दुसरा मोरीत.

मोरीतल्या धाग्याचे गुण मात्र उणे नव्हते. लिनन पाणी पटकन ओढून घेते आणि पटकन वाळते. ते ओले झाले की आणखी मजबूत होते, म्हणून कितीही पिळले, उकळले, धोपटले तरी टिकते. त्याचे तंतू सुटत नाहीत, म्हणून काचेचा पेला पुसला तर त्यावर कापसासारखी पिसे राहत नाहीत. नवे असताना ते अंगाला टोचते आणि पाणीही नीट टिपत नाही. दहावीस धुण्यांनंतर मऊ पडते. ह्या कापडाचा लांब पट्टा टोकाला टोक शिवून दाराच्या मागे लाकडी लाटण्यावर चढवीत. घरातली सारी माणसे आणि नोकरचाकर त्यालाच हात पुसत. एक जागा ओली झाली की पट्टा ओढून कोरडी जागा पुढे आणावयाची. पावावर झाकण, ताटे पुसण्याचे फडके, गरम भांडे उचलण्याचे चिरगूट, सारे त्याचेच. त्याचा एक भाऊ ‘हकबॅक’. त्याच्या विणीत ताण्याचे आणि बाण्याचे धागे मधूनमधून मोकळे सोडलेले असतात, म्हणून पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पाणी अधिक धरतो. रशियात आणि युक्रेनमध्ये तर घरी विणलेल्या लिननच्या पंचाला भरतकामाची किनार लावून देवाच्या तसबिरीभोवती घालतात, आणि पाहुण्याला भाकरी आणि मीठ देतात तेही त्यावर ठेवून. तेथे पंचाला मान आहे.

आता हे कापड गिरणीत कसे शिरले ते पाहू. जाड्या लिननचे ब्रिटनमधले मोठे ठाणे म्हणजे स्कॉटलंडमधले डंडी शहर. त्याला जवस येई तो मुख्यतः रशियातून, बाल्टिक समुद्रावरील बंदरांतून. विणलेले कापड जाई तोही माग काढण्याजोगा आहे. जर्मनीतल्या ओस्नाब्रुक गावाच्या जाड्या कापडाची नक्कल करून स्कॉच विणकरांनी अठराव्या शतकात ‘ओस्नाबर्ग’ नावाचे कापड काढले. ते अमेरिकेच्या वसाहतींत आणि वेस्ट इंडीज बेटांवर जाई, आणि मळ्यांवरच्या गुलामांच्या अंगावर चढे. रशियातल्या भूदासाने पिकवावे, डंडीच्या विणकराने विणावे आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामाने नेसावे. तिघांची एकमेकांशी ओळख नाही, आणि नफा चौथ्याच्याच पेटीत.

यंत्राने जवस कातण्याचे पेटंट डार्लिंग्टनच्या दोघा कारागिरांनी १७८७ साली घेतले. पुढच्याच वर्षी जॉन मार्शल ह्याने लीड्सजवळ गिरणी सुरू केली. पुढे १८४० साली त्याच्या कंपनीची ‘टेंपल मिल’ लीड्समध्ये उघडली. तिची दर्शनी बाजू ईजिप्तच्या देवळाच्या नमुन्यावर बांधली होती, आणि छपरावर गवत लावून त्यावर मेंढ्या चारीत. प्रवासी ती इमारत पाहावयास येत.

जवसाच्या गिरण्यांच्या आतले चित्र १८३२ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या सॅडलर समितीपुढे उघडे झाले. लीड्सची एलिझाबेथ बेंटली नावाची २३ वर्षांची कामगार स्त्री साक्षीला उभी राहिली. ती वयाच्या सहाव्या वर्षी जवसाच्या गिरणीत लागली होती. भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावावयाच्या हे तिचे काम. गर्दीच्या दिवसांत पहाटे ५ पासून रात्री ९ पर्यंत उभे राहावयाचे, मध्ये एकदाच चाळीस मिनिटांची सुटी, आणि हात मंदावला की पाठीवर पट्टा. ह्या कष्टाने तिचे शरीर कायमचे वाकडे झाले होते. १८३३ च्या कायद्याने, रेशमाच्या गिरण्या वगळून, कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी झाली. ह्यानंतर ४८ वर्षांनी, १८८१ साली, हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा आला, त्यात वयाची मर्यादा सात वर्षे होती! विलायतेतले मूल नवव्या वर्षापर्यंत मूल. आपले मूल सातव्या वर्षीच कामगार. ती मर्यादा नऊवर यावयास १८९१ साल उजाडले.

जवस विंचरणाऱ्यांची हकीकत मात्र ऊर भरून येईल अशी आहे. त्या सुयांच्या फणीला ‘हेकल’ म्हणत, आणि ती चालवणारा तो ‘हेकलर’. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स ह्यानेही १७८१ साली अर्व्हिन गावी हा धंदा शिकावयास सुरुवात केली होती. नव्या वर्षाच्या सणात दुकानाला आग लागली आणि तो धंदा संपला. डंडीचे हेकलर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी संघटित होते आणि मालकांना वचकून नसत. त्यांच्याविषयी असे सांगतात की, काम चालू असताना एकाने मोठ्याने वर्तमानपत्र वाचावे आणि बाकीच्यांनी हात न थांबवता मध्येच प्रश्न टाकावे, हरकत घ्यावी, वाद घालावा. सभेत वक्त्याला भंडावून सोडणाऱ्याला आज इंग्रजीत ‘हेकलर’ म्हणतात, तो शब्द ह्या फणीवरूनच आला.

एकाने वाचावयाचे ह्याला कारण होते. १८१५ पासून ब्रिटनमध्ये वर्तमानपत्राच्या प्रत्येक अंकावर चार पेन्स कर होता. गरिबाने वाचू नये ह्याचीच ती तजवीज. १८३६ साली तो एक पेनीवर आला आणि १८५५ साली उठला. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी कागद लाकडाच्या लगद्याचा नसे, तो लिननच्या आणि सुताच्या चिंध्यांचा असे. फाटका क्रॅश चिंधीवाल्याकडे जाई, तेथून कागदाच्या गिरणीत. म्हणजे ज्या धाग्याला ह्या माणसांनी विंचरले तोच कधी काळी भांडी पुसून, झिजून, अक्षरे अंगावर घेऊन त्यांच्या हातात परत येत असेल. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८० पासून ‘दीनबंधु’ चालवला, १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांच्या मागण्या मांडल्या, आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. वर्तमानपत्र आणि संघटना ह्यांची ही जोडी तिकडे आणि इकडे सारखीच दिसते.

फणीवरून धूळही उडे. लीड्सचा वैद्य चार्ल्स टर्नर थॅकरा ह्याने १८३१ साली धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर पुस्तक लिहिले, त्यात जवसाच्या धुळीने छाती कशी धरते ते नोंदले आहे. ह्या रोगाला ‘बिसिनोसिस’ म्हणतात. ‘बिसॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत तलम लिनन. रोगाचे नाव उंची वस्त्रावरून पडले आणि तो जडला वस्त्र करणाऱ्यांना. सुटीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळते, ही त्याची खूण. कापसाच्या गिरण्यांतही तोच रोग होता. मुंबईच्या गिरण्या आज राहिल्या नाहीत, पण सूतगिरण्यांतून ती धूळ आहे आणि ती छातीत घेणारी माणसे आहेत.

क्रॅशची सद्दी दोन बाजूंनी उतरली. १८३० नंतर डंडीने बंगालचा ताग देवमाशाच्या तेलाने मऊ करून यंत्रावर कातला. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात रशियाचा जवस अडला आणि तागाचे फावले. दुसऱ्या बाजूने, मँचेस्टरजवळच्या क्रिस्टी कंपनीने तुर्कस्तानात पाहिलेल्या फासेदार कापसाच्या पंचाची नक्कल यंत्रावर उतरवली आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मांडली. आपण ज्याला अजून टर्किश टॉवेल म्हणतो तो हाच, आणि सोलापूरच्या मागांनी त्यात नाव कमावले.

तागाचे चाक मात्र पुन्हा आपल्या दारात फिरले. १८५५ साली बंगालमध्ये रिश्रा येथे पहिली ताग गिरणी निघाली, आणि पुढे कलकत्त्याने डंडीला मागे टाकले. तेव्हा डंडीच्या कामगारांना दोन गोष्टी करता आल्या असत्या. बंगालच्या मजुराला शत्रू म्हणावयाचे, किंवा त्याच्याकडे जाऊन त्याची स्थिती पाहावयाची. १९०६ साली स्थापन झालेल्या तेथील ताग आणि जवस कामगार युनियनचे चिटणीस जॉन साइम आणि खासदार टॉमस जॉन्स्टन हे १९२५ साली हिंदुस्थानात आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी अहवाल छापला. त्यात कंपन्यांचा नफा आणि मजुराची मजुरी शेजारी शेजारी ठेवली होती. त्यांना आपल्याच पोटाची काळजी होती हे खरे. पण हुगळीकाठची मजुरी वाढल्याखेरीज डंडीची मजुरी टिकणार नाही, हे कळण्यासाठीही डोळे उघडे असावे लागतात.

मी पुष्कळ वर्षे यंत्रमागावरच्या माणसांत वावरलो. टॉवेल विणणाऱ्या एका बाईंनी मला एकदा विचारले, “दादा, आमचे टॉवेल घेणाऱ्याला आम्ही ठाऊक असतो का हो?” मला उत्तर देता आले नाही. आजचे हे व्याख्यान त्याच प्रश्नाचे थोडेसे उत्तर समजा. उद्या सकाळी अंग पुसताना आपण एक क्षणभर तिची आठवण केलीत, आणि तिला मजुरी किती मिळते ह्याची चौकशी केलीत, तर माझे येथे येणे वाया गेले नाही.

माझे बोलणे संपले. आता डंडीच्या त्या मंडळींना स्मरून आपण मला प्रश्न विचारावेत, हरकती घ्याव्यात. माझी वेळ झाली आहे. आता पाळी आपली आहे.