लग्नघरातला चौक

'चित्र काढायची हौस फार, पण वेळ कुठला?' हे वाक्य आपल्यापैकी कितीकांच्या तोंडी असते. शेतकऱ्याच्या घरात ही हौस मूल शाळेत जाते तोवर टिकते. पुढे औत हाती आले, संसार आला, की रंगाची पेटी माळ्यावर जाते ती तिथेच राहते. शाळेत तरी काय निराळे? परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला द्यावा लागतो, आणि गुरुजींचाही त्याला इलाज नसतो. अशा वेळी मला आठवण होते ती वारली बायकांची. चित्रासाठी वेळ काढायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितले असते तर त्या हसल्या असत्या. शेतात आवणीची जशी वेळ, तशी घरात चित्राची वेळ. ती ठरलेलीच असायची.

डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाडा हा डोंगराळ मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. वारल्यांची मोठी वस्ती इथली. त्यांचे वर्ष तुम्हां-आम्हांला ओळखीचेच वाटेल. पावसाळ्याआधी राब भाजायचा, पहिल्या पावसावर भाताचा पेरा, मग चिखलात वाकून वाकून आवणी. उतारावर नागली आणि वरई. भात तयार होईतो घरातले दाणे संपलेले, म्हणून रानातल्या भाज्या, कंद, ओढ्यातले मासे. पुढे नवे भात येते, तारपा वाजू लागतो आणि त्याच्याभोवती नाचाचा फेर धरला जातो. मग कापणी आणि झोडणी. दाणे घरात आले, की उन्हाळ्याच्या तोंडाशी लग्नसराई. आणि लग्न म्हटले, की भिंतीवर चौक आलाच. चौक काढल्यावाचून लग्न लागत नाही, असा वारल्यांचा रिवाज.

तो चौक कसा काढतात ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. वारल्याचे जुने घर कुडाचे. कारवीच्या काठ्या बांधायच्या आणि त्यांवर शेणमातीचा गिलावा द्यायचा. लग्नाच्या आधी आतली भिंत सारवायची आणि तिला गेरूचा हात द्यायचा. रंग म्हणाल तर एकच, पांढरा. तांदूळ भिजवून वाटले, पाणी घातले, की झाला रंग. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोकाशी दातांनी चावून मऊ केलेली. घरात उजेड थोडा, भिंत तांबूस, त्यामुळे ती पांढरी रेघ कशी उठून दिसत असेल याची कल्पना करा.

हे काम सवाशिणींचे. त्या भिंतीपाशी बसतात आणि गाणी म्हणत म्हणत चौकोन आखतात. चौकोनाच्या काठाला नक्षीच्या पट्ट्या येतात. मधोमध पालघट देवी बसते. ही झाडापेराची, लेकरांची, भरभराटीची देवी. शेजारी लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. भोवताली सूर्य-चंद्र, शिडी, फणी, झाडे, नवरानवरी, नाचणारी माणसे. माणूस काढायचा तो दोन त्रिकोणांचा, एक वर आणि एक खाली, टोकाला टोक लावलेला. वर वाटोळे डोके आणि काडीसारखे हातपाय. एवढ्या तुटपुंज्या सामानावर नाचणारा माणूस नाचतो आणि ओझे वाहणारा वाकतो, हे नवल नव्हे काय? धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. ती आपल्या गाण्यांनी देवांना लग्नाचे आवतण करते. म्हणजे पाहा, भिंतीवर देवी बसवणाऱ्या बायका आणि लग्न लावणारीही बाईच. आपल्यातल्या शिकल्या-सवरल्या घरांतून हे अजून व्हायचे आहे!

आता यात चित्रकार कोण? कुणीच नाही, किंवा सगळ्याच. चौक पुरा झाला, की त्याच बायका उठून चुलीपाशी जातात, पाणी भरतात, वऱ्हाडाला वाढतात. चौकाखाली कुणाचे नाव नाही. बरे, तो जपूनही ठेवायचा नाही. चुलीच्या धुराने काळवंडतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि पुढच्या लग्नाच्या वेळी त्यावरूनच शेणाचा हात फिरतो. लेकी मात्र जवळ बसून पाहत असतात. शिकवणी म्हणायची तर तीच.

इथवर वाचून तुम्हांला वाटेल, किती सुखाचे ते जिणे! पण तसे म्हणून मी थांबलो तर ती तुमची फसवणूक होईल. ज्या लग्नासाठी हा चौक निघे, त्या लग्नाला पैसा लागे. तो कुठून आणायचा? जमिनी एकेक करून सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेल्या. वारली आपल्याच बापजाद्यांच्या शेतावर खंडाने राबे. पावसाळ्यात खावटी आणावी, सुगीत ती वाढीसकट फेडावी, आणि उरेल त्या दाण्यांत वर्ष काढावे. त्यात लग्नाचे कर्ज काढले, की तो नवरा सावकाराचा 'लग्नगडी' होई. कर्ज फिटेस्तोवर त्याच्या घरी राबायचे, आणि नुसते नवऱ्याने नव्हे, नव्या नवरीनेही. कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत आणि वारल्याला अक्षर ठाऊक नाही. मग ते फिटायचे कधी? जिच्या लग्नात पालघट देवी भिंतीवर बसली, ती पोर हळदीच्या अंगाने दुसऱ्याच्या खळ्यावर जायची. सावकाराच्या खंडात जाणाऱ्या भातातलेच मूठभर तांदूळ त्या चौकाला लागलेले असायचे. सरकारलाही हे ठाऊक होते. आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या सिमिंग्टन साहेबाच्या अहवालात १९३८ च्या सुमारासच या वेठबिगारीची नोंद झाली होती.

हे मोडले १९४५ साली. त्या वर्षी मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर या दांपत्याने पाड्यापाड्यांतून फिरून माणसे जागी केली होती. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असे ठरले आणि खरोखरच सुटका झाली. १० ऑक्टोबरला तलवाडे येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच माणसे गेली, पण उठलेला माणूस पुन्हा बसला नाही. गोदावरीबाईंनी हा सगळा वृत्तांत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला. ते १९७० साली निघाले. आपल्या शाळेच्या कपाटात ते नसेल, तर गुरुजी, जरूर मागवा. वारली चित्रांवरच्या छापील मजकुरात हे साल क्वचितच सापडते, आणि मला तर त्याच्याशिवाय ही चित्रे अर्धीच वाटतात.

यानंतरची गोष्ट कागदाची. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात होते. १९६६-६७ च्या दुष्काळात त्यांना बिहारमध्ये मधुबनीकडे पाठवले होते. भिंतीवर चित्रे काढणाऱ्या तिथल्या बायकांना कागद देऊन त्यांच्या हाती चार पैसे यावेत, अशी ती योजना होती. पुढे १९७० नंतरच्या काळात तेच कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर आले, राहिले आणि त्यांनी इथल्याही बायकांपुढे कागद ठेवला. बायका बिचकल्या. लग्न नाही, भिंत नाही, मग चित्र कशाचे? त्यांची अडचण मला तरी अगदी रास्त वाटते. पुढे आले ते जिव्या सोमा मशे. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे हे शेतकरी. लहानपणी आई गेली, त्या धक्क्याने मुलाची वाचाच बसली, आणि तो धुळीत बोटाने चित्रे काढून बोलू लागला, असे त्यांच्याविषयी सांगतात. बायकांच्या या कलेत मन रमवणारा असा पुरुष विरळाच.

मशे यांनी लग्नाचा चौक कागदावर उतरवून समाधान मानले नाही. चौकाभोवती जे बारीकसारीक असे, तेच त्यांनी मधोमध आणले. मासे धरायचे जाळे, मुंग्यांची रांग, भाताची झोडणी, तारप्याभोवतीचा फेर. १९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली आणि २०११ साली पद्मश्री आली. इतके होऊनही त्यांचा मुक्काम कळंबीपाड्यावरच राहिला. २०१८ च्या मे महिन्यात ते वारले. त्यांच्या चित्रातली झोडणी पाहा. काठी उगारलेल्या माणसाचे वजन कुठल्या पायावर आहे ते त्यांना बरोबर ठाऊक असते. खळ्यावर उभे राहिल्याशिवाय ते कळत नाही.

परंतु कागद आला तसे काही सुटलेही. भिंतीला ऋतू होता. कागदाला तो नाही. मागणी आली, की आवणीच्या दिवसांतही काडी हातात धरावी लागते. भिंतीवरचे चित्र विकायचे नसे, म्हणून त्याला घाई नव्हती. कागदावरच्या चित्राला तारीख लागली, भाव लागला, सही लागली. सही आली आणि चित्रकारांची जी नावे गाजली त्यांत पुरुषच अधिक. मधुबनीत तसे झाले नाही. तिथे जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी अशा बायकाच पुढे आल्या. आपल्याकडे मात्र ज्या सवाशिणींनी ही कला सांभाळली त्या बऱ्याचशा मागे पडल्या. म्हणून कागदाला नावे ठेवावीत का? मी ठेवणार नाही. लग्नासाठी स्वतःला गहाण टाकणाऱ्यांच्या नातवंडांना चित्राचा पैसा मिळतो, त्या पैशातून घर शाकारले जाते, पोर शाळेत जाते. बाहेरच्याने त्याला नाक मुरडू नये. २०१४ साली या चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली, म्हणजे वारली चित्रकला हे नाव आता कायद्याने राखलेले आहे.

गुरुजी आणि बाई, शेवटी एक बोलणे तुमच्याशी. आज कितीतरी शाळांच्या भिंतींवर दोन त्रिकोणांची माणसे नाचताना दिसतात. ती काढणे सोपे, म्हणून मुलांना आवडतात. काढू द्या. मात्र बंगळुरी साडीवरून नाही तर कॅलेंडरावरून उतरवू देऊ नका. साताऱ्याच्या मुलाला तारपा काढायला सांगण्यापेक्षा त्याच्या गावचा ऊसतोडीचा तांडा काढायला सांगा. कोकणातल्या मुलीला होडी आणि जाळे काढू द्या. घरी आजी दारात रांगोळी घालत असेल, चैत्रांगण काढत असेल, तर तिला एक दिवस वर्गात बोलवा आणि तिच्या हाती खडू द्या. तासाला वेळ नसेल, तर नागपंचमीला, दिवाळीला, पोळ्याला तरी चित्र निघू द्या. सणाच्या दिवशी गणिताचा तास नसतो!

डहाणू-जव्हारकडे आता कुडाची घरे कमी होत चालली आहेत. विटा-सिमेंटची घरे उभी राहतात, छपरावर पत्रा येतो. पण अजून कित्येक लग्नघरांत सिमेंटच्या भिंतीवर तेवढ्यापुरता गेरूचा चौरस सारवला जातो, पाट्यावर तांदूळ वाटले जातात, आणि एखादी सवाशीण पदर खोचून काडीचे टोक दाताखाली धरते.