कापसाचा काटा आणि कष्टाचे मोल

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या अंमलाखाली दिला, १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत येऊन पोहोचली. या तीन घटनांनी इथल्या काळ्या मातीचे भवितव्य कापसाशी कायमचे जखडून टाकले. यवतमाळ जिल्ह्यातील, वाघाडी नदीकाठचे घाटंजी याच मुलखातले गाव. मुलीचे लग्न असो वा सावकाराचे देणे, सगळ्याची मुदत इथे कापूस घरात येण्यावर ठरे. त्यामुळे श्रम आणि मोबदला यांचे नाते कसे असावे, याचे पुष्कळसे शहाणपण इथल्या शेतीच्या वहिवाटीतच साठलेले आहे.

या वहिवाटीत मोबदल्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत आल्या. सालदाराचा करार वर्षाचा; रक्कम आगाऊ ठरलेली, आणि तिच्यातली बरीचशी उचल लग्नकार्यात वा आजारपणात आधीच खर्ची पडलेली. जो पैसा हाती येऊन संपून गेला, त्याच्यासाठी राबताना माणसाला हुरूप येत नाही. तो राबतो तो बांधिलकीने. वेचणीची रीत अगदी वेगळी. सीतादहीच्या दिवशी शेतात दही-भाताचा नैवेद्य दाखवून तिचा आरंभ होतो. कमरेला ओटी बांधलेल्या बाया आपापल्या तासाने पुढे सरकत दोन्ही हातांनी बोंडे मोकळी करतात, आणि संध्याकाळी धुऱ्यावर प्रत्येकीचे गाठोडे काट्याला लागते. जितके वजन, तितकी वेचाई. हिशेब डोळ्यांदेखत होत असल्यामुळे कोणाला कोणाचा धाक दाखवावा लागत नाही.

मात्र या रीतीलाही तिची पथ्ये आहेत. केवळ वजनावर पैसा मिळाला तर घाईत पत्ती आणि कवडीसुद्धा (किडका, न उमललेला कापूस) ओटीत जाते. म्हणून जाणता शेतकरी वजनाबरोबर स्वच्छतेकडेही लक्ष ठेवतो. हंगामाच्या शेवटी बोंडे विरळ होतात, तेवढ्याच वजनासाठी दुप्पट चालावे लागते, तेव्हा वेचाईचा दर वाढवावा लागतो. कष्ट वाढले आणि फळ मात्र पूर्वीइतकेच राहिले, तर मजूर दुसऱ्या शेताची वाट धरतो.

जितके काम तितका मोबदला, हेच तत्त्व पुढे शासनाने राज्यभर राबविले. सांगली जिल्ह्यातील विसापूरला वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये ज्या प्रयोगाला आरंभ झाला, त्यातून १९७२च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे याच यवतमाळ जिल्ह्यातील पुसद भागाचे. खैरातीऐवजी काम, आणि खणलेल्या मातीच्या मोजमापावर मजुरी, अशी तिची तजवीज होती. १९७७च्या कायद्याने तिला हक्काचे रूप दिले. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

त्याच १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेचा अनुभव मात्र संमिश्र ठरला. व्यापाऱ्याच्या मनमानीतून शेतकऱ्याला सोडवावे, हमीभाव द्यावा आणि विक्रीत नफा झाल्यास त्याचा वाटाही मागाहून द्यावा, ही कल्पना उदात्त होती. परंतु चुकारा रखडला की शेतकऱ्याचा धीर सुटे, कारण पुढच्या हंगामाचे बी-बियाणे थांबत नाही; योजनेचा तोटाही वाढत गेला, आणि २००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना पुन्हा वाट मोकळी करावी लागली.

मोबदला कष्टानंतर यावा, हे खरे. पण तो कष्टाच्या प्रमाणात असावा, माप उघड असावे, आणि विलंब पोटाला झेपेल एवढाच असावा. आगाऊ उचलीने माणूस बांधला जातो आणि लांबलेल्या चुकाऱ्याने तो खचतो. शेताबाहेरही हेच लागू पडते; म्हणून मुलांना अभ्यासाची गोडी लावू पाहणाऱ्या पालकांनी आणि कामगारांकडून उत्साहाची अपेक्षा करणाऱ्या मालकांनी बक्षिसाची रक्कम ठरवण्याआधी आपला काटा खरा आहे की नाही, एवढे तपासून पाहावे.