मतदाराची क्रमवारी : १९७७ आणि १९८०

आपल्या निवडणुकांच्या इतिहासाबद्दल दोन वाक्ये इतक्या वेळा सांगितली गेली आहेत की ती तपासून पाहावीत असे सहसा कुणाला वाटत नाही. पहिले : १९७७ साली भारतीय मतदाराने स्वातंत्र्यासाठी मत दिले. दुसरे : १९८० साली त्याने कांद्यासाठी मत दिले. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की न बोललेले तिसरे वाक्य आपोआप तयार होते. चौतीस महिन्यांत ज्याला स्वातंत्र्यापेक्षा कांदा मोठा वाटू लागला, त्या मतदारावर देशाचा नेता निवडण्याची जबाबदारी टाकावी का? हे वाक्य सुशिक्षितांच्या बैठकीत आजही वेगवेगळ्या रूपांत ऐकू येते. या लेखात पहिली दोन वाक्ये तपासायची आहेत, कारण ती डळमळली तर तिसऱ्याला आधार उरत नाही.

सुरुवातीलाच एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मतपत्रिकेवर शिक्का उमटतो, कारण उमटत नाही. मतदार महागाईला कंटाळला, उमेदवाराच्या जातीकडे पाहून आला, की गावच्या पुढाऱ्याचे ऐकून आला, याची नोंद मतपेटीत नसते. कारणे नंतर लिहिली जातात, आणि ती लिहिणारे बहुधा लिहिणाऱ्यांच्या वर्गातलेच असतात. म्हणून कारणांचा शोध घ्यायचा तर निकालाचा नकाशा आणि त्या काळातला राज्यकारभार एकमेकांशी ताडून पाहणे हाच त्यातल्या त्यात विश्वासाचा मार्ग.

मराठी वाचकाच्या मनातली आणीबाणी प्रामुख्याने साहित्यिकांची आणीबाणी आहे. डिसेंबर १९७५ मधले कऱ्हाडचे साहित्य संमेलन, यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी केलेले आवाहन, पुढे दुर्गाबाईंना झालेली अटक आणि १९७७च्या प्रचारात पु. ल. देशपांडे यांनी जनता पक्षासाठी घेतलेल्या सभा. हे सगळे खरे आहे आणि अभिमानाचेही आहे. पण निवडणुकीचा निकाल एवढ्यावर लागला असता, तर जिथे वाचक जास्त तिथे काँग्रेसचा पराभव मोठा दिसला असता. नकाशा तसे सांगत नाही.

१९७७ साली काँग्रेसला उत्तर प्रदेशात ८५ पैकी एकही जागा मिळाली नाही. बिहारमध्ये ५४ पैकी शून्य, पंजाब, हरियाणा आणि दिल्लीतही शून्य. मध्य प्रदेश आणि राजस्थानात प्रत्येकी एक. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून पंचावन्न हजारांवर मतांनी हरल्या. त्याच वेळी आंध्र प्रदेशात काँग्रेसने ४२ पैकी ४१, तर कर्नाटकात २८ पैकी २६ जागा जिंकल्या. जास्त साक्षर केरळमध्ये काँग्रेस आघाडीने वीसच्या वीस जागा घेतल्या. सेन्सॉरशिप, मिसा, बेचाळीसावी घटनादुरुस्ती ही सगळ्या देशात सारखीच लागू होती. मग निकाल इतका दुभंगलेला का?

उत्तराचा एक मोठा भाग कुटुंबनियोजनाच्या सक्तीत आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आधीच्या वर्षाच्या सुमारे तिप्पट. शिक्षक, तलाठी, पोलीस यांना कोटा ठरवून दिला गेला. या जबरदस्तीचा सर्वांत मोठा भार उत्तरेकडच्या राज्यांवर पडला. दिल्लीत त्याला झोपड्या पाडण्याची जोड मिळाली. तिथल्या माणसाला व्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द वर्तमानपत्रातून कळावा लागला नाही. ते त्याच्या शरीरापर्यंत आणि घराच्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचले होते. उलट कर्नाटकात देवराज अर्स यांच्या सरकारचा १९७४चा सुधारित कूळकायदा याच काळात अमलात येत होता. ज्या कुळाच्या नावावर जमीन होण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली, त्याच्या दृष्टीने तीच राजवट वेगळी होती. त्याने काँग्रेसला मत दिले म्हणून त्याला हुकूमशाहीचा समर्थक ठरवणे अन्यायाचे होईल.

महाराष्ट्र भूगोलाप्रमाणे मतांतही मधोमध राहिला. ४८ पैकी काँग्रेसला २० जागा मिळाल्या, जनता पक्षाला १९. शेतकरी कामगार पक्षाने पाच, मार्क्सवाद्यांनी तीन आणि रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाने एक जागा जिंकली. मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. येथे हेही आठवले पाहिजे की सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली विधिमंडळात मंजूर करणारे राज्य महाराष्ट्रच होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. उत्तर मुंबईतून मृणाल गोरे निवडून आल्या तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली. मला ही घोषणा त्या निवडणुकीच्या अभ्यासात फार मोलाची वाटते. मृणालताई आणीबाणीविरुद्ध लढल्या, तुरुंगात गेल्या, हे सर्वांना माहीत होते. पण लोकांनी त्यांना ओळखले ते गोरेगावच्या नळाच्या पाण्यावरून. घोषणेत पाणी आणि दिल्ली एकत्र आले आहेत. सामान्य मतदाराच्या मनात ते वेगळे नव्हतेच.

आता १९८०. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून यशवंतरावांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला आणि जनता पक्ष फुटत गेला. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान. २० ऑगस्टला, लोकसभेला एकदाही सामोरे न जाता, चरणसिंगांनी राजीनामा दिला आणि पुढचे जवळजवळ पाच महिने देश काळजीवाहू सरकारवर चालला. नेमका त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. १९७८-७९ मध्ये सुमारे १३२ दशलक्ष टन असलेले अन्नधान्य उत्पादन ११० दशलक्ष टनांवर आले. खनिज तेलाचे भाव जगभर भडकले. आदल्या वर्षी जवळपास स्थिर असलेला घाऊक किमतींचा निर्देशांक सतरा टक्क्यांच्या आसपास वाढला. कांद्याचा भाव या सगळ्याचे सहज कळणारे चिन्ह ठरला. इंदिरा गांधींनी ते अचूक उचलले आणि काम करणारे सरकार निवडा, असे आवाहन केले.

त्या आवाहनात भाव आणि स्थैर्य एकत्र होते, आणि मतदारानेही ते एकत्रच घेतले असणार. भाव चढले तर कुणीतरी साठेबाजांवर कारवाई करायला हवी, आयात ठरवायला हवी, राज्यांना धान्य पोहोचवायला हवे. संसदेत बहुमत सिद्ध न केलेले मंत्रिमंडळ हे कोणत्या अधिकाराने करणार? कांदा हे येथे राज्यकर्ता आहे की नाही, या प्रश्नाचे घरगुती रूप होते.

शिवाय कांद्याच्या गोष्टीत न बसणारे प्रश्नही होते. मे १९७७ मध्ये बिहारमधल्या बेलछीत दलितांची हत्या झाली. ऑगस्टमध्ये इंदिरा गांधी चिखलातून, शेवटचा टप्पा हत्तीवर बसून तिथे गेल्या. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यावर मराठवाड्यातल्या गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. आणीबाणी उठली तरी आपले रक्षण कोण करणार, हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा होता, त्यांच्या क्रमवारीत पहिले नाव कांद्याचे किंवा वृत्तपत्रस्वातंत्र्याचे असेलच, असे धरून चालता येत नाही.

मग आकडे पाहू. १९७७ साली काँग्रेसला ३४.५ टक्के मते आणि १५४ जागा मिळाल्या. १९८० साली इंदिरा काँग्रेसला ४२.७ टक्के मते आणि ५२९ पैकी ३५३ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात तर ४८ पैकी ३९. अर्स काँग्रेसचे यशवंतराव साताऱ्यातून आले, त्या पक्षाची राज्यातली ती एकमेव जागा. जागांकडे पाहिले तर देश उलटा फिरला असे वाटते. मतांकडे पाहिले तर शंभरातले आठ जण इकडून तिकडे गेले. मधल्या काळात काँग्रेस दुभंगली होती, हे धरले तरी हालचाल जागांच्या मानाने लहानच राहते. आणीबाणीनंतर लगेचही शंभरातल्या चौतीस जणांनी काँग्रेसलाच मत दिले होते आणि कांद्याच्या निवडणुकीतही शंभरातल्या सत्तावन्न जणांनी इंदिरा काँग्रेसला मत दिले नाही. पण १९७७ साली एका चिन्हाखाली आलेले विरोधक १९८० साली फुटले होते. जनता पक्षाला १९ टक्के, चरणसिंगांच्या जनता पक्षाला सुमारे साडेनऊ टक्के, ही मते वेगवेगळ्या पेट्यांत पडली. मतदानही साडेसाठ टक्क्यांवरून सत्तावन्नवर आले. राष्ट्राने मत बदलले, असे जे आपण म्हणतो, त्यात विरोधकांच्या फुटीचा हिशेब बराचसा दडलेला आहे.

तरीही आठ टक्के हलले, हे खरेच. त्यांनी स्वातंत्र्य विसरून कांदा उचलला का? येथे एक गोष्ट बहुधा निसटते. जनता सरकारच्या काळात चव्वेचाळीसावी घटनादुरुस्ती झाली. ‘अंतर्गत अशांतता’ या सैल कारणावर आणीबाणी लावण्याची सोय गेली, त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले. मंत्रिमंडळाची लेखी शिफारस आवश्यक झाली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत जीविताच्या हक्कासाठीही दाद मागता येणार नाही असे म्हटले होते. तो एकविसाव्या अनुच्छेदाचा हक्क आता आणीबाणीतही स्थगित करता येईनासा झाला. बेचाळीसाव्या दुरुस्तीने सहा वर्षे केलेली लोकसभेची मुदत पुन्हा पाच झाली. सक्तीची नसबंदी १९७७ सालीच संपली होती. म्हणजे १९७७चा प्रश्न १९८० पर्यंत बऱ्याच अंशी सुटला होता. जो प्रश्न सुटला, त्यावर माणूस दुसऱ्यांदा मत वाया घालवत नाही. तो पुढच्या प्रश्नाकडे वळतो. याला विसराळूपणा म्हणता येणार नाही.

राष्ट्राचा नेता निवडताना कोणता प्रश्न पहिला धरावा, याचे जे उत्तर या दोन निवडणुकांतून मिळते, ते मला असे दिसते. भाव, जमीन, पाणी, सुरक्षितता यांची एकच क्रमवारी सगळ्यांसाठी लावता येत नाही, आणि लावूही नये. कर्नाटकचे कूळ, मुझफ्फरनगरचा मजूर आणि गोरेगावची गृहिणी यांना ती वेगवेगळी लावण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण या सर्वांच्या आधी एक प्रश्न येतो : हा नेता मला पुन्हा निवड करू देईल का? १९७१ साली निवडलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. ती दोनदा वाढवली गेली. चढलेले भाव पुढच्या निवडणुकीत उतरवता येतात, चुकलेले धोरण बदलता येते. पुढची निवडणूकच लांबली, तर ती चूक दुरुस्त करायला मतदाराच्या हाती काही राहत नाही.

१९८० सालच्या मतदाराला भावाचा विचार निर्धास्तपणे करता आला, कारण १९७७च्या मतदाराने हा पहिला प्रश्न आधी सोडवून ठेवला होता. इंदिरा गांधींना सत्ता परत मिळाली तीही खुल्या मतदानातून आणि ठरल्या नियमांनी. ज्या दाराने त्या बाहेर गेल्या होत्या, त्याच दाराने त्या आत आल्या. दुसऱ्या वेळी ते दार उघडे होते, याचे श्रेय पहिल्या वेळच्या मतदाराला दिले पाहिजे, आणि त्यातले पुष्कळ जण सही ऐवजी अंगठा उठवणारे होते.